गेम अडखळतो? आधी तपासा, मग पैसे काढा

घरात संगणक आला की त्यावर गेम येणारच. ज्या संगणकावर थोरली मुलगी पोलीस भरतीचा अर्ज भरते आणि धाकटा दहावीच्या गणिताचे व्हिडिओ पाहतो, त्याच संगणकावर रात्री जेवणानंतर मोटारी धावतात, बंदुका वाजतात. गेम खेळावा की नाही आणि किती वेळ खेळावा, हा वाद आम्ही आज उकरत नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरात मिटवावा. आमचा आजचा विषय घराच्या खिशाशी निगडित आहे.

करकंब आणि पंढरपूर तालुक्यातल्या आसपासच्या गावांतली मुले अलीकडे आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. "काका, गेम लॅग मारतोय. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल म्हणतात." असे म्हणणारा बहुधा कार्ड विकणाराच असतो. कार्डाची किंमत पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. बिगारी करणाऱ्या बापाची ती दोन महिन्यांची कमाई असते, आणि आधी घेतलेल्या संगणकाचे हप्ते अजून चालू असतात. अशा घराने अंदाजावर पैसे घालावेत काय? डॉक्टरने नाडी न पाहता ऑपरेशन सुचवले तर आपण गप्प बसू काय? मग संगणकाच्या बाबतीत गप्प का बसावे?

आमचे सांगणे एवढेच की, गेम अडखळण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत दूर होतात. मात्र ती क्रमाने तपासावी लागतात.

सरासरी फसवी असते

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि त्या आधीच तयार असतात. गेममध्ये तसे नसते. तुम्ही बटण दाबाल तसे पुढचे चित्र संगणकाला त्याच क्षणी काढावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात प्रोसेसरने हिशेब करायचा, रॅमने माहिती पुरवायची आणि ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवायचे. एकाने उशीर केला की सगळ्यांचा खोळंबा.

आम्ही कॉमर्सचे, म्हणून हिशेबानेच सांगतो. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या. त्यांचे झाले ८८५. उरलेली एक फ्रेम ११५ मिलिसेकंद रखडली. एकूण बेरीज १०००, फ्रेम ६०. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा ६० च दिसणार, पण त्या एका फ्रेमपायी गाडी कठड्यावर आदळणार. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वर्षाच्या पावसाची सरासरी कागदावर पूर्ण होते, पण पेरणीनंतर वीस दिवसांचा खंड पडला तर पीक सरासरीवर जगत नाही.

मोठमोठे जाणकारही पुष्कळ वर्षे सरासरीवरच विसंबून होते. २०११ साली अमेरिकेतील 'टेक रिपोर्ट' या संगणक-समीक्षेच्या प्रकाशनात स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ स्वतंत्र मोजून दाखवला, आणि सारख्या सरासरीची दोन कार्डे खेळताना वेगळी का वाटतात याचा उलगडा झाला. आज ही मोजणी घरबसल्या होते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात सरासरीशेजारी 'वन पर्सेंट लो' हा आकडा दिसतो. सर्वांत मंद निघालेल्या एक टक्का फ्रेमांचा तो वेग. सरासरी ६० आणि हा आकडा २० असेल तर यंत्राला ताकद आहे, मधे काहीतरी आडवे येते आहे असे समजावे. सरासरीच २५ असेल तर यंत्रावर ओझे जास्त आहे.

लॅग एक, रोग तीन

मुले सगळ्याला मिळून 'लॅग' म्हणतात, आणि औषध चुकते ते इथेच.

पहिला रोग नेटचा. चित्र सुरळीत फिरते, पण गोळी मारली तरी शत्रू पडत नाही, माणूस मागे खेचल्यासारखा होतो. व्हॅलोरंटसारख्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तिथवर निरोप जायला नि यायला लागणारा वेळ वाढला की असे होते. ग्राफिक्स कार्ड बदलून यात रुपयाचाही फरक पडत नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. नेट बंद करून एखादा ऑफलाइन गेम खेळून पाहा. तो सुरळीत चालला तर दोष नेटकडे बघा.

दुसरा रोग सततच्या संथपणाचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेम जडच चालतो. तिसरा अडखळण्याचा. दहा मिनिटे छान, मग धक्के, पुन्हा ठीक. दुसऱ्या आणि तिसऱ्या रोगाची तपासणी आता पाहू.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली गोष्ट, संगणकाच्या मागे जाऊन पाहा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीत लावली आहे की वरच्या बाजूला मदरबोर्डाच्या पट्टीत? ती मदरबोर्डात असेल तर महागडे कार्ड रिकामे बसते आणि प्रोसेसरमधल्या किरकोळ ग्राफिक्सवर गेम ओढला जातो. हे ऐकून हसू येईल, पण झाडलोट करताना केबल काढून पुन्हा लावताना असे सहज होते.

दुसरी गोष्ट विजेची. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळावे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॅटरी पुरावी म्हणून स्वतःहून मंद होतो. हा बिघाड नव्हे. मूळ चार्जर बिघडल्यावर कमी वॅटचा स्वस्त चार्जर आणला असेल तरी तेच होते. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडले आहे ना, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातले 'परफॉर्मन्स' पान म्हणजे संगणकाची रोजकीर्दच. गेम चालू ठेवून, धक्का बसतो त्या घडीला कोणता आलेख माथ्याला टेकतो ते पाहा.

डिस्क १०० टक्के दिसली तर जुनी हार्ड डिस्क हे कारण असू शकते. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असली तरी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद जातात. म्हणजे नुसती माहिती शोधण्यात फ्रेमचा अर्धा वेळ खर्ची पडतो. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर मागे उघडा ठेवलेला ब्राउझर बंद करा. त्याच वेळी अँटिव्हायरसची तपासणी किंवा विंडोजचे अपडेट चालू असेल तर ते आधी होऊ द्या. ग्राफिक्सचा आलेख ९८-९९ वर आणि फ्रेम कमी, तर कार्ड खरेच पूर्ण राबते आहे. तेव्हा आधी गेममधल्या सावल्या, प्रतिबिंबे आणि रिझोल्यूशन एकेक पायरी खाली आणा. कार्ड ४ जीबीचे असून तेवढी मेमरी भरली असेल तर टेक्स्चर कमी करा. आणि ग्राफिक्स ४०-५० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर कार्डाला काम पोचतच नाही, अडचण मागे आहे. तिथे नवे कार्ड घेणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोठी मोटार बसवणे होय.

पुस्तकातले २५ अंश, करकंबचे ४२

आता आपल्या भागातल्या मुख्य कारणाकडे येऊ. ते कारण म्हणजे उष्णता.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो वेग पाडतो, जरा निवला की चढवतो, पुन्हा तापला की पाडतो. खेळणाऱ्याला तेच धक्के म्हणून जाणवतात. पंख्याचे काम खोलीतली हवा आत घेऊन उष्णता बाहेर टाकणे एवढेच. तो खोलीपेक्षा गार करू शकत नाही. समजा, खेळताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापतो. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत तो ७५ वर राहील. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पारा ४२ वर असतो, म्हणजे तोच प्रोसेसर ९२ वर. पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. मोठ्या शहरांतल्या परीक्षणांत जो संगणक उत्तम म्हणून दाखवतात, तो आपल्या पत्र्याखाली का धापा टाकतो याचे उत्तर या बेरजेत आहे.

गेल्या उन्हाळ्यात करकंबमधल्या अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. वडील गवंडीकाम करतात, आई द्राक्षाच्या बागेत जाते. बचत गटाचे कर्ज काढून मुलांसाठी जुना संगणक घेतलेला. तो अडखळू लागला तेव्हा शहरातल्या एका विक्रेत्याने यंत्र न पाहता, फोनवरच अठरा हजारांचे कार्ड सांगितले होते. आई दुसऱ्या कर्जाची चौकशी करून आली होती. आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारला, "गेम दिवसभर सारखाच अडखळतो का?" उत्तर त्याच्या बहिणीने दिले. "नाही काका, पहाटे मस्त चालतो. दुपारीच अडकतो." तिथेच निम्मा निकाल लागला. कार्ड दुबळे असते तर ते पहाटेही दुबळेच असते.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचे सॉफ्टवेअर लावून पाहिले. प्रोसेसर ९८ अंशांवर होता आणि धक्क्याच्या वेळी त्याचा वेग ३.६ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली येत होता. कॅबिनेट कपाट आणि भिंत यांच्या फटीत कोंबलेले, आणि वरून हाताने शिवलेले जाड कव्हर. पुढची बाजू उघडी, मागची झाकलेली. "धुरळा बसू नये म्हणून मीच शिवलंय की ते, भाऊ," त्या माउली म्हणाल्या. त्यांनी जिवापाड जपले होते, पण गरम हवा बाहेर पडण्याची वाट त्याच कापडाने अडवली होती. आत पंख्यावर धुळीचा आणि उसाच्या पाचटाच्या काजळीचा थर होता. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

वीज बंद केली, प्लग काढला, ब्रशने धूळ झाडली, नवी पेस्ट लावली, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. दोनशे रुपयांच्या आसपास खर्च आला. दुसऱ्या दिवशी त्याच दुपारच्या वेळी, तोच गेम, पाऱ्याचा आकडा ८१. धक्के थांबले. कव्हर आता संगणक बंद असतानाच घालतात. दुसरे कर्ज काढावे लागले नाही.

साफसफाई करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्लग काढल्याशिवाय कॅबिनेट उघडू नये. हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, ती गरगर फिरू देऊ नयेत. वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो.

आणखी एक उपाय मुलांना आवडत नाही, पण लागू पडतो. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमना मर्यादा घालावी. कधी ९०, कधी ३५ असे होण्यापेक्षा कायम ६०, तेही जमत नसेल तर कायम ३० फ्रेम डोळ्यांना सुखाच्या वाटतात. यंत्र कमी तापते, विजेचे बिलही थोडे उतरते.

दोष गेमचाही असतो

सर्व तपासूनही धक्के राहिले तर मुलाने लगेच स्वतःच्या संगणकाला नावे ठेवू नयेत. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कहॅम नाइट' हा गाजावाजा झालेला गेम संगणकावर इतका अडखळत आला की, काही दिवसांतच कंपनीला त्याची विक्री थांबवावी लागली. तो दुरुस्त होऊन ऑक्टोबरात परत विक्रीस आला. मधल्या काळात ज्यांनी त्या गेमसाठी महागडी कार्डे घेतली, त्यांच्या हाती काय आले?

दुसरे उदाहरण एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांचे. विंडोज ११ साठी लागणारी एक सुरक्षा-सोय चालू केली की काही संगणक मधूनच क्षणभर गोठत. लोक रॅम बदलत होते, कार्डे बदलत होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीनेच हा दोष मान्य केला आणि मे महिन्यापासून मदरबोर्डाच्या बायोसमधून दुरुस्ती दिली. ती फुकट होती.

नव्या गेममध्ये प्रत्येक नव्या जागी पहिल्यांदा जाताना धक्का बसतो आणि दुसऱ्या खेपेला बसत नाही, असा अनुभव आला तर तो 'शेडर' तयार होण्याचा परिणाम समजावा. चित्र रंगवण्याच्या सूचना संगणक त्या जागी पोचल्यावर तयार करतो, म्हणून उशीर होतो. पुष्कळ गेम सुरुवातीलाच ही तयारी करतात. तेव्हा कंटाळून ती मधेच मोडू नये. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावा, आणि नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत बसवावा.

खर्च करायचाच झाला तर

तरीही खर्चाची वेळ आलीच, तर क्रम ठरवून खर्च करावा. हार्ड डिस्क जुनी असेल तर आधी एसएसडी घ्यावी. तिचा उपयोग गेमपुरता नाही, सगळा संगणक हलका होतो, अर्ज भरणाऱ्या मुलीचेही काम सुकर होते. त्यानंतर रॅम. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीची दुसरी पट्टी टाकावी. दोन पट्ट्या मिळून माहिती दोन वाटांनी वाहते. स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात तर हा फरक ठळक दिसतो. रॅमवर ३२०० चा वेग छापलेला असून ती २१३३ किंवा २६६६ वर चालत असेल तर बायोसमधली एक्सएमपी ही सोय चालू करावी. त्याला पैसे पडत नाहीत. कार्डाचा विचार सर्वांत शेवटी, आणि तेही आपल्या एसएमपीएसला त्याचा भार झेपेल ना हे पाहून.

जुने कार्ड घेताना अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत बंद झाली आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. अशा कार्डांचे पंखे आणि पेस्ट झिजलेली असू शकते. म्हणून पैसे देण्याआधी अर्धा तास गेम चालवून तापमान पाहावे. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

आणि पावती! आम्ही कारकून माणसे, त्यामुळे पावतीवाचून आमचे पान हलत नाही. "ओळखीचाच आहे" म्हणून कागद न घेणारे पुढे रडतात. पावतीवर कार्डाचे नाव, क्रमांक, तारीख आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. विक्रेत्याने फसवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथे हातात कागद लागतो.

वही ठेवा

शेवटी मुलामुलींना एक विनंती. एक वही करा. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, सरासरी फ्रेम, वन पर्सेंट लो असे रकाने आखा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम लिहा. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. वर सांगितलेल्या घरातल्या बहिणीने अशी वही केली आहे. आता गल्लीतली मुले संगणक बिघडला की तिला विचारायला येतात. एमएस-सीआयटीने आपल्याला संगणक वापरायला शिकवले, पण दुरुस्त करायला आपले आपणच शिकावे लागते. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. ज्याला या वहीत गोडी लागेल त्याने, आणि तिनेही, त्याची चौकशी जरूर करावी.

पालकांनाही सांगणे आहे. मुलगा कार्डासाठी हट्ट धरून बसला तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम पैसेही काढू नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "दाखव बरं, कुठं अडतंय ते." त्याला दाखवता आले तर खर्चाचा विचार करता येईल. दाखवता आले नाही तर तपासणी अजून बाकी आहे, असे समजावे.

पुढील लेखात यूपीएस आणि घरातील अर्थिंग यांविषयी लिहू.